कराओके

कराओके : गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित केलेल्या गीताच्या साथीवर, पडद्यावर किंवा पुस्तिकेत दिसणारे शब्द वाचत, हौशी व्यक्तीने ध्वनिग्राहकासमोर (मायक्रोफोनसमोर) गाण्याचा एक लोकप्रिय मनोरंजनप्रकार. त्यासाठी वापरण्यात येणाऱ्या यंत्रसंचासही हेच नाव आहे. जपानी भाषेतील ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ म्हणजे ‘ओकेसुतोरा’ (‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचे जपानी रूप) याचा संक्षेप, यांच्या जोडणीतून हा शब्द बनला असून त्याचा अर्थ ‘रिकामा वाद्यवृंद’ असा होतो. व्यावसायिक संगीतकारांच्या बोलीत हा शब्द यंत्राच्या आधीपासून प्रचलित होता. प्रत्यक्ष वादक न नेता ध्वनिमुद्रित साथीवर गायक गाऊ लागला, म्हणजे त्या साथीस तो लावीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये उदय पावलेला हा प्रकार अल्पावधीत आशिया खंडात व नंतर जगभर पसरला.

पूर्वपीठिका : मेजवानीच्या प्रसंगी उपस्थितांपैकी प्रत्येकाने आळीपाळीने काही गाऊन दाखविण्याची प्रथा जपानी समाजात जुनी आहे. गाणारा निष्णात असावा अशी तेथे अपेक्षा नसते. आपली पाळी टाळू नये, एवढेच अपेक्षित असते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये जपानी नभोवाणीने हौशी गायकांसाठी ‘नोदो जिमान’ (शब्दशः ‘गळ्याचा अभिमान’) ही स्पर्धा सुरू केली. ती लवकरच लोकप्रिय झाली व पुढे दूरचित्रवाणीवरही आली. १९५० नंतरच्या दशकात टोकिओ व इतर शहरांत ‘उतागोए किस्सा’ नावाची उपाहारगृहे निघाली. तेथे ग्राहक पेटी-अकॉर्डियनच्या साथीवर एकत्र गात. मद्यगृहांतून ‘नागाशी’ म्हणजे फिरते वादक हिंडत. गिटार घेऊन ते मेजामेजाशी जात आणि अल्प मोबदल्यात ग्राहकाच्या गाण्याला साथ करीत.

पाश्चात्त्य देशांतही याच्याशी मिळतेजुळते प्रयोग झालेले होते. अमेरिकेत फ्लायशर बंधूंनी १९२४ पासून काढलेल्या लघु व्यंगपटांत पडद्यावरील गीताच्या शब्दांवर एक चेंडू उड्या मारीत पुढे सरके आणि प्रेक्षक त्याप्रमाणे समूहाने गात. १९५० मध्ये तेथेच ‘म्यूझिक मायनस वन’ या संस्थेने एका वाद्याचा भाग वगळलेल्या ध्वनिमुद्रिका काढण्यास प्रारंभ केला. त्या घरी बसून सराव करणाऱ्या वादकांसाठी होत्या. १९६० नंतर मिच मिलर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गीतांचे शब्द पडद्यावर दाखवीत. कराओकेची बहुतेक अंगे अशा रीतीने सुटीसुटी अस्तित्वात होती. त्यांची एकत्र गुंफण व्हावयाची होती.

यंत्राचा उगम : या यंत्राचा जनक एकच नाही. टोकिओतील एका विद्युत् उपकरणांच्या कारखान्याचे मालक शिगेइची नेगिशी (१९२३–२०२४) यांना गुणगुणण्याची सवय होती. त्यावरून एका सहकाऱ्याने त्यांची थट्टा केली, तेव्हा त्यांना अशा यंत्राची कल्पना सुचली, असे सांगतात. ध्वनिफीत, ध्वनिग्राहक व ध्वनिक्षेपक एकत्र जोडून त्यांनी १९६७ मध्ये ‘स्पार्को बॉक्स’ हे नाणे टाकून चालणारे यंत्र तयार केले. ते मद्यगृहांना पुरविताना त्यांना फिरत्या वादकांचा कडवा विरोध सहन करावा लागला. आपली रोजी बुडणार हे त्या वादकांनी अचूक ओळखले होते. १९७५ च्या सुमारास नेगिशी यांनी हा व्यवसाय सोडून दिला.

दाइसुके इनोउए (जन्म १९४०) हे कोबे शहरातील मद्यगृहांतून ग्राहकांच्या गायनाला साथ करणारे वादक होते. स्वरलिपी वाचण्यात ते फारसे तरबेज नव्हते. पण ग्राहक कोठे अडखळतो, कोठे श्वास घेतो हे पाहून त्याप्रमाणे वाजविण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यामुळे बेताचा गळा असलेल्या ग्राहकांना तेच साथीला हवे असत. अशाच एका ग्राहकाने, जो एका कंपनीचा अध्यक्ष होता, त्यांना सहलीस बरोबर येण्याची विनंती केली. इनोउए यांना जाणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी त्या ग्राहकाच्या गायकीला सोयीची अशी साथ ध्वनिफितीवर मुद्रित करून दिली. ती सहलीत उत्तम उपयोगी पडली. या अनुभवावरून त्यांनी १९७१ मध्ये मोटारीत वापरतात तसा ध्वनिफीत-वादक, ध्वनिवर्धक, ध्वनिग्राहक व नाण्यांची पेटी यांची जोडणी करून ‘एट ज्यूक’ नावाची ११ यंत्रे तयार करविली आणि ती कोबेतील मद्यगृहांना भाड्याने दिली. १०० येनचे नाणे टाकले की ठराविक मिनिटे साथ मिळे. गीतांचे शब्द छापील पुस्तिकेत दिलेले असत.

आपण कोणताही नवा भाग शोधलेला नाही, असलेले भाग केवळ एकत्र आणले, या समजुतीने इनोउए यांनी एकस्व (पेटंट) घेतले नाही. परिणामी मोठ्या कंपन्यांनी यंत्रनिर्मिती हाती घेतल्यावर त्यांना त्या उत्पन्नाचा वाटा मिळाला नाही. तथापि १९९९ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने विसाव्या शतकातील प्रभावी आशियाई व्यक्तींत त्यांची गणना केली. २००४ मध्ये त्यांना विनोदी अंगाने दिले जाणारे ‘इग नोबेल’ शांतता पारितोषिक मिळाले. माणसांना परस्परांस सहन करावयास शिकविण्याचा एक नवा मार्ग त्यांनी दाखविला, असे त्यासाठी दिलेले कारण होते.

फिलिपीन्समध्ये रोबेर्तो देल रोसारियो यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘सिंग अलाँग सिस्टिम’ हे संयुक्त यंत्र बनविले आणि १९८३ व १९८६ मध्ये त्यासंबंधीची एकस्वे मिळविली. एका कंपनीविरुद्ध त्यांनी चालविलेल्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

तंत्र : प्रारंभीच्या यंत्रांत आठ मार्गांची (ट्रॅकची) ध्वनिफीत वापरीत. ही फीत पेटीत अखंड वेढ्यासारखी फिरत असल्याने ती उलट गुंडाळावी लागत नसे. मद्यगृहात एकामागून एक गाणारे असत, तेव्हा ही सोय मोलाची ठरली. १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी लेसर तबकडी आली. तिच्यावर ध्वनीबरोबर चलच्चित्र व शब्दही साठविता येत आणि हवे ते गीत तत्काळ निवडता येई. गायनाच्या गतीनुसार शब्दांचा रंग पालटत जाण्याची आजची परिचित पद्धत या दृश्य माध्यमामुळेच रूढ झाली. पुढे आकाराने लहान असलेल्या ध्वनितबकड्यांवर शब्दांची माहिती साठविण्याची पद्धतही प्रचारात आली.

१९९२ मध्ये जपानमध्ये ‘त्सूशिन कराओके’ म्हणजे दूरसंदेशवहनावर आधारलेले कराओके सुरू झाले. यात गीताचा प्रत्यक्ष ध्वनी पाठवीत नाहीत; कोणते वाद्य, कोणता स्वर, किती वेळ व किती जोराने वाजवावयाचा याच्या सांकेतिक सूचना पाठवितात. त्यावरून ग्राहकाकडील संश्लेषक (सिंथेसायझर) ध्वनी निर्माण करतो. या सूचनांचा संचय ध्वनिमुद्रणाच्या मानाने अत्यल्प असल्यामुळे त्या काळातील साध्या दूरध्वनीच्या तारांवरूनही गीते पाठविणे शक्य झाले. तबकड्यांच्या ढिगाऱ्याची जागा दूरस्थ भांडाराने घेतली आणि नवे गीत प्रसिद्ध होताच ते गावोगावी उपलब्ध होऊ लागले.

या पद्धतीचा दुसरा लाभ पट्टीसंबंधी आहे. ध्वनिफितीचा वेग वाढविला की लय व स्वराची उंची ही दोन्ही एकदमच वाढतात. अर्धस्वराने पट्टी चढविण्यासाठी कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) सुमारे ६ टक्के वाढवावी लागते. केवळ फितीच्या वेगाने ती वाढविल्यास गीतही तितकेच जलद होते. सांकेतिक सूचनांच्या पद्धतीत मात्र लय कायम ठेवून पट्टी बदलता येते. हौशी गायकाच्या दृष्टीने ही सोय निर्णायक आहे. मूळ गीत ज्या पट्टीत गायिलेले असते, ती पट्टी सामान्य गळ्यास बहुधा पेलत नाही.

मूळ गीतातून गायकाचा आवाज काढून टाकण्याची एक सोपी युक्ती आहे. द्विमार्गी (स्टीरिओ) ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज सामान्यतः डाव्या व उजव्या मार्गांत सारखाच ठेवलेला असतो. एका मार्गातून दुसरा वजा केल्यास दोहोंत समान असलेला अंश नाहीसा होतो. परंतु मध्यभागी ठेवलेली ढोलासारखी व खर्जातील वाद्येही त्याबरोबर नाहीशी होतात आणि आवाजाचे प्रतिध्वनी मागे रेंगाळतात. म्हणून दर्जेदार साथ पूर्वी वादकांकडून नव्याने वाजवून घ्यावी लागे. अलीकडे संगणकाला असंख्य नमुन्यांवरून शिकवून आवाज व वाद्ये वेगळी करण्याच्या पद्धती विकसित झाल्या असून त्यांचा दर्जा पुष्कळच सुधारला आहे. गायनाला गुण देणारी यंत्रे मुख्यतः गायकाच्या स्वराची कंप्रता मोजून ती अपेक्षित स्वराशी ताडून पाहतात. त्यामुळे स्वरांचा अचूकपणा त्यांना कळतो, शब्दांतील भाव कळत नाही.

कराओके-कक्ष व शिष्टाचार : आरंभी कराओकेचा ग्राहक हा कामावरून परतताना मद्यगृहात थांबणारा, बहुधा प्रौढ, पुरुष होता. ‘एंका’ हा विरहवेदनेने ओथंबलेला गीतप्रकार त्याच्या विशेष आवडीचा असे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ओकायामा परिसरात मालवाहतुकीच्या जुन्या पेट्यांचे (कंटेनरांचे) रूपांतर करून गाण्यासाठी स्वतंत्र खोल्या तयार करण्यात आल्या. त्यांतून ‘कराओके बॉक्स’ ही संकल्पना निघाली. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या या बंदिस्त खोल्यांमुळे अपरिचितांसमोर गाण्याचा संकोच संपला. विद्यार्थी, स्त्रिया व कुटुंबे या करमणुकीकडे वळली. केवळ एकट्याने जाऊन गाण्याचा ‘हितोकारा’ हा प्रकारही पुढे रूढ झाला.

या करमणुकीचे काही अलिखित नियम आहेत. एकाने सलग अनेक गीते गाऊ नयेत, दुसऱ्याने नुकतेच गायिलेले गीत लगेच निवडू नये, गाणे कसेही झाले तरी टाळ्या वाजवाव्यात इत्यादी. ज्याचे त्याचे हुकमी गीत ‘जुहाचिबान’ (अठरावा क्रमांक) या नावाने ओळखले जाते. हा शब्द काबुकी रंगभूमीवरील इचिकावा घराण्याच्या ठेवणीतील अठरा नाटकांवरून आला, असे मानतात. कार्यालयातील वरिष्ठ व कनिष्ठ यांतील अंतर अशा प्रसंगी थोडा वेळ शिथिल होते. मात्र वरिष्ठाच्या आग्रहास्तव इच्छा नसताना गावे लागणे ही तक्रारही तितकीच जुनी आहे.

प्रसार : दक्षिण कोरियात १९९१ च्या सुमारास पूसान शहरातून ‘नोरेबांग’ (गाण्याची खोली) या नावाने कक्षांचा प्रसार झाला. तैवान व चीन येथे असे कक्ष ‘केटीव्ही’ म्हणून ओळखले जातात. चीनमध्ये २०२१ पासून अशा स्थळी राष्ट्रीय एकात्मतेस बाधक वा इतर दृष्टींनी आक्षेपार्ह ठरविलेल्या गीतांवर बंदी घालण्याची व्यवस्था सुरू झाली. फिलिपीन्समध्ये नाणे टाकून चालणारी यंत्रे खेड्यापाड्यांतील समारंभांतही दिसतात. तेथे ‘माय वे’ या गीताच्या गायनावरून प्राणघातक मारामाऱ्या झाल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आणि काही मद्यगृहांनी ते गीत यादीतूनच वगळले. फिनलंडमध्ये २००३ पासून जागतिक कराओके स्पर्धेस प्रारंभ झाला.

बंदिस्त खोल्या, ध्वनिरोधक अस्तर व अरुंद वाटा यांमुळे या व्यवसायात सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर आहे. व्हिएटनाममधील बिन्ह युऑंग प्रांतात सप्टेंबर २०२२ मध्ये एका कराओके केंद्रास लागलेल्या आगीत ३२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर देशभर अशा केंद्रांची कसून तपासणी करण्यात आली. कोव्हिड-१९ च्या साथीत, २०२० मध्ये, बंद जागेत मोठ्याने गाणे हे संसर्गाचे कारण ठरत असल्याने अनेक देशांत ही केंद्रे दीर्घकाळ बंद राहिली. दीर्घकाळ गाण्याने हौशी गायकाच्या गळ्यावर ताणही पडतो. अधूनमधून पाणी पिणारे व विश्रांती घेणारे हौशी गायक न थकता अधिक वेळ गाऊ शकतात, असे हाँगकाँग येथील २००३ मधील एका अभ्यासात आढळून आले.

कायदेविषयक प्रश्न : मद्यगृहात ग्राहक गातो, तेव्हा त्या गीताचा ‘वापर’ कोण करतो, ग्राहक की मालक, असा प्रश्न जपानमध्ये उपस्थित झाला. १९८८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की यंत्र मालकाचे आहे, गीतांची निवड त्याने पुरविलेल्या साठ्यातून होते व नफाही त्यालाच मिळतो. सबब गाणारा ग्राहक असला तरी कायद्याच्या दृष्टीने वापर मालकाचा ठरतो व स्वामित्वशुल्क त्याने द्यावयास हवे. हा विचार पुढे ‘कराओके सिद्धांत’ म्हणून ओळखला गेला व संगीताशी संबंध नसलेल्या नव्या तंत्रांच्या खटल्यांतही आधारभूत मानला गेला. भारतात १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार गीताचे शब्द, त्याची स्वररचना व त्याचे ध्वनिमुद्रण यांचे अधिकार स्वतंत्र असतात. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांचे गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वशुल्कातील वाट्याचे संरक्षण दिले. सार्वजनिक ठिकाणी शुल्क घेऊन भरविलेल्या कराओकेच्या कार्यक्रमास म्हणूनच परवान्याची आवश्यकता असते.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्रात कराओकेच्या आगमनापूर्वीच हौशी गायनाची भूमी सिद्ध होती. भजनी मंडळे, गाण्यांच्या भेंड्या, गणेशोत्सवातील स्पर्धा आणि विशेषतः १९६० नंतर शहरोशहरी निघालेले चित्रपटगीतांचे वाद्यवृंद यांतून लोकप्रिय गीते सादर करण्याची परंपरा रुजली होती. वाद्यवृंद उभा करणे मात्र खर्चाचे होते. त्यासाठी वादकांची बिदागी, तालमी व वाहतूक यांची सोय करावी लागे. ध्वनिमुद्रित साथ (जिला बोलीभाषेत ‘ट्रॅक’ म्हणतात) स्वस्तात व पुढे संगणक-भ्रमणध्वनीवर सहज मिळू लागल्यावर हा अडसर दूर झाला. मुंबई, पुणे व इतर शहरांत हौशी गायकांची मंडळे निघाली. त्यांत सेवानिवृत्तांचा भरणा मोठा असतो. तरुणपणी नोकरी व संसार यांत राहून गेलेली हौस ते साठीनंतर पुरी करतात. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशी पट्टीची चर्चा, जी एकेकाळी पेटीवादकाशी होत असे, ती आता ट्रॅक निवडताना होते. परदेशांतील महाराष्ट्र मंडळांच्या स्नेहसंमेलनांतही, जेथे तबला-पेटीवादक सहज मिळत नाहीत, तेथे कराओकेने मराठी व हिंदी गीतांचे गायन टिकवून धरले आहे. रोमन लिपीत दिलेल्या शब्दांमुळे देवनागरी वाचू न शकणाऱ्या पुढील पिढीलाही त्यात भाग घेता येतो.

परिणाम : कराओकेने संगीताच्या श्रोत्याला गायक बनविले. ग्रामोफोन व नभोवाणी यांच्या प्रसारानंतर घरोघरचे गाणे मागे पडून सामान्य माणूस केवळ ऐकणारा उरला होता. ज्या ध्वनिमुद्रणाने त्याला मुके केले, त्याच ध्वनिमुद्रणाने त्याला पुन्हा आवाज मिळवून दिला. बुजऱ्या व्यक्तींना धीर येणे, वृद्धांचे एकाकीपण कमी होणे, परभाषेचे उच्चार अंगवळणी पडणे हे त्याचे लाभ सर्वत्र सांगितले जातात.

याची दुसरी बाजू साथीदारांच्या वाट्यास आली. जपानमधील फिरते वादक जवळजवळ नाहीसे झाले आणि महाराष्ट्रातील वाद्यवृंदांतील वादकांचे उत्पन्नही या यंत्रामुळे रोडावले. हानी केवळ उपजीविकेची नाही. भारतीय संगीतात साथ म्हणजे ‘संगत’. गायकाने लय लांबविली तर तबलजी ती सांभाळतो, सूर निसटला तर पेटीवाला तो हळूच हाती देतो, समेवर सारे एकत्र भेटतात. यंत्रास थांबता येत नाही. शब्द चुकला, श्वास अपुरा पडला तरी साथ पुढे जाते आणि गायकाला तिच्यामागे धावावे लागते. संगतीत साथीदार गायकाला ऐकतो. कराओकेत गायकाला साथीचे ऐकावे लागते. त्यामुळे कराओकेत तयार झालेला गायक मूळ गीताची हुबेहूब नक्कल उत्तम करतो, पण स्वतःची जागा घेण्याचे धाडस त्याला क्वचित होते.

या यंत्राच्या जनकांपैकी एक स्वतः साथीदार होता, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. इनोउए यांनी पहिली ध्वनिफीत तयार केली ती एका विशिष्ट ग्राहकाचा गळा, त्याची गती व त्याच्या खोडी ध्यानात घेऊन. पुढील यंत्रांनी त्यांचे वादन उचलले. त्यांचे ऐकणे उचलणे त्यांना शक्य नव्हते. गायकाची लय ओळखून आपली गती जुळवून घेणारी साथ संगणकाद्वारे निर्माण करण्याचे प्रयत्न १९८० नंतरच्या दशकापासून चालू असून त्यांत प्रगतीही झाली आहे. दरम्यान अनेक हौशी मंडळे आपल्या वार्षिक कार्यक्रमासाठी पदरमोड करून पुन्हा प्रत्यक्ष वादकांना बोलावतात. वर्षभर यंत्रावर गाऊन ज्यांना गाण्याची गोडी लागली, तेच हा खर्च आनंदाने करतात, असे दिसून येते.